ह-क-म: अरबी धातू आणि त्याचा गोतावळा कसा शोधायचा

मराठीत हुकूम सोडणारा एक, हिकमत लढवणारा दुसरा आणि नाडी बघून माजून, म्हणजे औषधी पाक, देणारा हकीम तिसराच. अरबी कोशात मात्र हे तिन्ही शब्द एकाच नोंदीखाली सापडतात. त्याच नोंदीत न्यायालय आहे, सरकार आहे, फुटबॉलचा पंच आहे आणि घोड्याच्या लगामाचा एक भागही आहे. अरबी किंवा उर्दू नुकती शिकायला घेतलेल्यांना, मोडी कागदांत अडखळणाऱ्यांना किंवा आखातात नोकरी करताना पाट्या वाचायची हौस असणाऱ्यांना ही नोंद स्वतः कशी उलगडायची, हे इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: ह-क-म. एक धातू नीट पचला की पुढचे बरेच हलके जातात.

आधी 'धातू' या शब्दाबद्दल. संस्कृतातला गम् किंवा भू आपण उच्चारू शकतो. अरबी धातू उच्चारता येत नाही, कारण तो नुसत्या व्यंजनांचा असतो, बहुतेक वेळा तीन. स्वर कुठले येणार हे प्रत्येक शब्द आपापलं ठरवतो. म्हणून कोशात धातूची ओळख म्हणून एक खरा शब्द देतात: भूतकाळी, तृतीयपुरुषी, एकवचनी क्रियापद. आपल्या धातूसाठी ते आहे 'हकमा', म्हणजे 'त्याने निवाडा केला'. कोशात 'निवाडा करणे' असं रूप शोधत बसू नका, ते तिथे नसतं.

पहिलं काम: तीन अक्षरं नक्की कोणती?

इथेच देवनागरी दगा देते. अरबीत 'ह' दोन आहेत. एक घशातून घासून येणारा, उर्दूवाले ज्याला 'बडी हे' म्हणतात. दुसरा आपल्या 'ह'सारखा हलका, 'छोटी हे'. 'क'ही दोन: साधा काफ आणि पडजिभेजवळून येणारा क़ाफ. आपल्या धातूत बडी हे, साधा काफ आणि मीम आहे. देवनागरीत लिहिताना हे भेद पुसले जातात आणि नवशिका चुकीच्या पानावर जाऊन पोचतो.

किती चुकीच्या? 'तहक्कुम' हा शब्द घ्या. बडी हे असेल तर अर्थ 'ताबा ठेवणे, नियंत्रण'. छोटी हे असेल तर 'खिल्ली उडवणे, उपहास'. मराठीत दोन्ही अक्षरशः सारखेच लिहिले जातील. तसंच हक्क आणि हकीकत. कानाला ते हकीमचे चुलतभाऊ वाटतात, पण त्यांच्यात क़ाफ आहे आणि तो दोनदा आहे. धातू वेगळा, घराणं वेगळं. म्हणून वहीत टिपण करताना पहिल्या दिवसापासून अरबी अक्षरंच लिहा. देवनागरी फक्त उच्चारापुरती ठेवा.

दुसरं काम: भरतीची अक्षरं बाजूला काढा

अरबी शब्द फुगतात ते ठरावीक दहा अक्षरांनी. ती लक्षात राहावीत म्हणून वैयाकरणांनी त्यांचा एक शब्दच करून ठेवला आहे: 'सअल्तुमूनीहा', म्हणजे 'तुम्ही मला ते विचारलंत'. त्यात सीन, हमजा, लाम, ते, मीम, वाव, नून, ये, छोटी हे आणि अलिफ ही दहाही अक्षरं येतात.

नवशिके हा नियम उलटा वापरतात. या यादीतलं अक्षर दिसलं की ते उपरं समजून उडवून टाकतात. तसं नाही. यादीतलं अक्षर धातूचंही असू शकतं. खात्रीने सांगता येतं ते एवढंच, की यादीबाहेरचं अक्षर धातूचंच असणार. ह-क-म मध्ये बडी हे आणि काफ यादीबाहेरचे आहेत, म्हणजे तीनपैकी दोन अक्षरं फुकटात मिळाली. अडचण फक्त मीमची, कारण मीम यादीत आहे.

'महकमा' म्हणजे न्यायालय. यात मीम दोनदा येतो. सुरुवातीचा मीम भरतीचा, शेवटचा धातूचा, आणि त्याच्यामागचा 'आ' हा स्त्रीलिंगी प्रत्यय. नवख्या माणसाने दोन्ही मीम उडवले तर हातात ह-क एवढंच उरतं आणि तो हक्काच्या पानावर जाऊन बसतो. 'इस्तिहकाम' मध्ये पुढचं अलिफ-सीन-ते काढा, मधला दीर्घ आ काढा, उरतं ह-क-म. दहा-पंधरा शब्दांवर ही झटापट केली की डोळ्याला सवय लागते, पुढे विचार करावा लागत नाही.

तिसरं काम: साचा ओळखा

धातू काढून घेतल्यावर जे उरतं ते वज़न, म्हणजे साचा. वैयाकरण तो फे-ऐन-लाम या तीन अक्षरांवर मांडतात, कारण 'फअला' म्हणजे 'त्याने केलं'. पहिल्या अक्षराच्या जागी फे, दुसऱ्याच्या जागी ऐन, तिसऱ्याच्या जागी लाम. मग 'हाकिम'चा साचा झाला 'फाइल' आणि 'महकूम'चा 'मफऊल'.

मराठी माणसाला हे साचे पाठ करायची फारशी गरज नाही. ते त्याच्या तोंडात आहेत, फक्त त्याला ठाऊक नाहीत. 'फाइल' हा साचा करणाऱ्याचा: हाजीर, जाहीर, गाफील, कायम, शाहीर. त्याच साच्यात 'हाकिम' बसतो, निवाडा करणारा किंवा राज्य करणारा. 'मफऊल' हा ज्याच्यावर क्रिया झाली त्याचा: मजकूर म्हणजे उल्लेख झालेला, मंजूर म्हणजे पाहिला गेलेला, आणि मालूम, महसूल. त्यात 'महकूम', ज्याच्यावर निकाल किंवा सत्ता चालली तो. 'मफअला' साचा बहुतेकदा जागेचा: मदरसा म्हणजे धड्यांची जागा, मकबरा म्हणजे कबरीची जागा, महकमा म्हणजे निवाड्याची जागा. हिंदी-उर्दूत तोच महकमा 'खातं' झाला.

'तफईल' पाहा: तपशील, तहसील, तजवीज, तालीम. त्याच रांगेत 'तहकीम', म्हणजे कुणाला तरी लवाद नेमणं. 'फईल' हा अंगात मुरलेल्या गुणाचा: गरीब, वकील, करीम. म्हणून 'हकीम' म्हणजे ज्याच्यात शहाणपण मुरलं आहे असा.

अनेकवचनांचे साचे वेगळे आणि त्यांचा त्रासही जास्त. 'हुक्म'चं अनेकवचन 'अहकाम', 'हाल'चं 'अहवाल' आणि 'खबर'चं 'अखबार', तिघांचा साचा एकच. 'हकीम'चं अनेकवचन 'हुकमा', अगदी 'अमीर'चं 'उमरा' होतं तसं. तोच आपला उमराव. मराठीने हे अनेकवचन उचललं आणि एकट्या माणसालाही उमराव करून टाकलं. अहवालाचंही तेच. एक अहवाल सादर करताना आपण मुळात अनेक 'हाल' सादर करत असतो, आणि पुढे 'अहवालांचं' असं अनेकवचनाचंही अनेकवचन करतो.

एक सावधगिरी. साचा अर्थाची दिशा दाखवतो, अर्थ देत नाही. 'हाकिम' आणि 'हकीम' यांच्यात फरक फक्त दीर्घ स्वर कुठे पडतो एवढाच आहे. पहिला खुर्चीवर बसतो आणि दुसरा औषध देतो, हे साच्यावरून कुणालाही ओळखता येणार नाही. मराठी शुद्धलेखनात 'हाकीम' लिहिलं की शेवटच्या स्वराचा भेदही गेला. तेव्हा साच्यावरून अंदाज बांधा, मग कोश उघडा.

चौथं काम: कोणता कोश, कुठलं पान

कोश हाताशी असूनही नवख्यांना पान सापडत नाही, कारण जुन्या अरबी कोशांची रचना आपल्या सवयीची नाही. आठव्या शतकात खलील इब्न अहमद याने रचलेला पहिला मोठा कोश उच्चारस्थानांच्या क्रमाने जातो, घशाच्या ऐनपासून ओठांकडे. हे वाचताना मराठी वाचकाला कंठ्य-तालव्य आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यानंतरचे कित्येक कोश धातूच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे लावलेले आहेत. इब्न मंज़ूरचा 'लिसानुल अरब' त्यातलाच. तिथे ह-क-म शोधायचा तर आधी मीमचं प्रकरण, आणि त्यात 'हे'चा पोटविभाग. यमकं जुळवणाऱ्यांची यात मोठीच सोय होती. नव्या छपाईत काही प्रकाशकांनी क्रम बदलून पहिल्या अक्षराचा केला आहे, तेव्हा हातातली प्रत कोणती हे आधी बघा.

नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी हान्स वेरचा आधुनिक अरबीचा कोश घ्या. तो 1952मध्ये जर्मनमध्ये निघाला आणि 1961मध्ये इंग्रजीत आला. क्रम पहिल्या अक्षराचा, पण धातूनुसार. म्हणजे 'महकमा' मीमखाली नाही, 'हे'खाली. आजचे अर्थ तिथे मिळतात. अभिजात अर्थांसाठी एडवर्ड लेनचा अरबी-इंग्रजी कोश. पहिला खंड 1863चा. लेन 1876मध्ये वारला तेव्हा तो क़ाफ अक्षरापर्यंत आला होता, त्यामुळे शेवटच्या अक्षरांचे खंड मागे राहिलेल्या टिपणांवरून काढले गेले आणि ते त्रोटक आहेत. आपला धातू बराच आधी येत असल्याने त्याला लेनने भरपूर जागा दिली आहे.

लेनचा मुख्य आधार 'ताजुल अरूस' हा अवाढव्य कोश, आणि तो लिहिणारा मुर्तजा ज़बीदी जन्माने हिंदुस्थानी, अवधमधल्या बिलग्रामचा. येमेनमधल्या ज़बीदला शिकला म्हणून ज़बीदी झाला आणि कैरोला स्थायिक झाला. अरबीच्या सगळ्यात मोठ्या कोशांपैकी एक बिलग्रामच्या माणसाने लिहिला, हे आपल्याकडे फार कुणी सांगत नाही.

पाचवं काम: क्रियापदाची रूपं एकेक करून पाहा

पाश्चात्त्य अभ्यासकांनी क्रियापदांच्या रूपांना पहिलं ते दहावं असे आकडे दिले आहेत. अरब वैयाकरण आकडे वापरत नाहीत, पण सोयीचे आहेत म्हणून घेऊ.

पहिलं रूप 'हकमा': निवाडा केला, सत्ता चालवली. इथे मागून येणारं अव्यय पाहणं फार महत्त्वाचं. 'बैना' आलं तर दोघांमध्ये निवाडा केला, 'लि' आलं तर त्याच्या बाजूने निकाल दिला, 'अला' आलं तर त्याच्या विरुद्ध. अव्यय न वाचता क्रियापद वाचणारा माणूस फिर्यादीला तुरुंगात पाठवतो. याच अक्षरांचं, मधला स्वर बदललेलं 'हकुमा' म्हणजे 'तो शहाणा झाला'.

दुसरं रूप 'हक्कमा': मधलं अक्षर दुणावलं की अर्थ 'दुसऱ्याला निवाड्याचा अधिकार दिला'. तिसरं 'हाकमा': खटला चालवला. त्यावरून 'मुहाकमा' म्हणजे खटला. चौथं 'अहकमा': पक्कं, नीट, चोख केलं. त्यावरून 'मुहकम', मजबूत. पाचवं 'तहक्कमा': मनमानी केली, ताबा घेतला. सहावं 'तहाकमा' आणि आठवं 'इहतकमा' यांचे अर्थ जवळजवळ: न्यायासाठी कुणाकडे तरी जाणं. दहावं 'इस्तहकमा': घट्ट झालं, मूळ धरलं. 'इस्तिहकामात' म्हणजे लष्करी तटबंदी.

सातवं आणि नववं मुद्दाम गाळली. प्रत्येक धातू दहाही रूपांत चालत नाही. तक्ता पूर्ण करण्याच्या नादात स्वतःच रूपं तयार करू नका. कोशात नसेल तर नाही.

आता दुसऱ्या रूपापाशी जरा थांबू या, कारण त्याच्यावरून इतिहासात रक्त सांडलं आहे. इसवी सन 657. फुरात (युफ्रेटिस) नदीच्या काठी सिफ़्फ़ीन इथे खलीफा अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांची सैन्यं समोरासमोर आली. लढाई चालू असताना मुआवियाच्या बाजूने भाल्यांवर कुराणाची पानं उंचावली गेली आणि वाद लवादाकडे देण्याची मागणी झाली. दोन्हीकडून एकेक लवाद नेमला गेला, अबू मूसा अल-अशअरी आणि अम्र इब्नुल आस. लवादाला अरबीत शब्द 'हकम', दोघांना मिळून 'हकमान', आणि ही नेमणूक म्हणजे 'तहकीम'. अलीच्याच सैन्यातला एक गट यावर भडकला. माणसांना निवाड्याचा अधिकार दिलाच कसा? त्यांची घोषणा होती, 'ला हुक्मा इल्ला लिल्लाह', निवाडा फक्त अल्लाहचा. शब्द कुराणातल्या वचनाशी जुळणारे. त्यावर अलीचं उत्तर प्रसिद्ध आहे: शब्द खरे आहेत, पण त्यामागचा हेतू खोटा.

हाच गट पुढे खारिजी म्हणून ओळखला गेला. त्यांचं दुसरं नाव 'मुहक्किमा', म्हणजे ती घोषणा देणारे. आणि कोशकार त्या घोषणा देण्यालाही 'तहकीम'च म्हणतात. म्हणजे लवाद नेमणं ही तहकीम आणि लवादाविरुद्ध ओरडणं हीही तहकीम. दोन्ही बाजू एकाच क्रियावाचक नामाखाली. आजच्या अरबीत व्यापारी करारात लवादाचं कलम असतं, तिथे हाच शब्द शांतपणे बसलेला असतो.

सहावं काम: वापर पाहा, नुसता अर्थ नको

कोशातला अर्थ हा कुणीतरी काढलेला निष्कर्ष असतो. तो ज्या वाक्यांवरून काढला, ती वाक्यं वाचली तरच पकड येते. चांगले जुने कोश प्रत्येक अर्थापुढे कवितेची ओळ किंवा कुराणाचं वचन पुरावा म्हणून ठेवतात. अरबीत त्याला 'शाहिद' म्हणतात, साक्षीदार. नवशिके हे साक्षीदार वगळून पुढे जातात आणि तिथेच त्यांचं नुकसान होतं.

आपल्या धातूचे काही साक्षीदार. कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, नवरा-बायकोत बेबनाव झाला तर त्याच्या घरचा एक 'हकम' आणि तिच्या घरचा एक 'हकम' नेमा असं सांगितलं आहे. इथे हकम म्हणजे समेट घडवणारा घरचा माणूस, काळ्या कोटातला न्यायाधीश नव्हे. तिसऱ्या सूरेत काही आयती, म्हणजे वचनं, 'मुहकमात' आहेत असं म्हटलं आहे, म्हणजे अर्थाने पक्क्या, ज्यांत संदिग्धता नाही. चौथ्या रूपातला 'पक्कं करणं' हा अर्थ इथे भाषेला लागला. एकोणिसाव्या सूरेत याह्या या प्रेषिताबद्दल म्हटलं आहे की त्याला लहानपणीच 'हुक्म' दिला. पोराच्या हातात सत्ता दिली असा अर्थ लावून मोकळं होऊ नका. भाष्यकारांपैकी अनेकांनी इथे हुक्मचा अर्थ समज, शहाणपण असा घेतला आहे. म्हणजे अभिजात अरबीत हुक्म आणि हिकमा यांच्यात आज दिसते तेवढी भिंत नव्हती.

हीच गोष्ट इस्लामपूर्व कवी नाबिग़ा ज़ुबयानी याच्या ओळीत आणखी स्पष्ट दिसते. नुअमान राजाला उद्देशून तो म्हणतो: पाण्यावर उतरणाऱ्या पारव्यांकडे पाहून त्या वस्तीतल्या मुलीने जसा 'हुक्म' केला तसा तूही कर. ही मुलगी म्हणजे लांबचं पाहणारी ज़रक़ा, असं टीकाकार सांगतात. उडत्या थव्याकडे पाहून ती म्हणाली, एवढे पारवे, अधिक यांचे निम्मे, अधिक माझा एक, म्हणजे झाले शंभर. नंतर मोजले तर थवा सहासष्टचा निघाला. सहासष्ट आणि तेहेतीस नव्व्याण्णव, आणि तिचा एक. आता सांगा, इथे 'हुक्म'चं भाषांतर 'आज्ञा' करणार? राजाला सांगितलं जातंय ते अचूक पारख करायला.

कायद्याच्या ग्रंथांत 'हुक्म' आणखी वेगळा. तिथे प्रत्येक कृतीला एक हुक्म असतो, म्हणजे तिची शास्त्रातली श्रेणी. श्रेण्या पाच: अनिवार्य, इष्ट, मुभा असलेली, अप्रिय आणि निषिद्ध. मराठीत याला जवळचा शब्द 'विधी' किंवा 'नियम' होईल, पण प्रत्येक ठिकाणी तोच चालेल असं नाही.

आणि आजचा वापर. 'हुकूमा' म्हणजे सरकार. जुन्या मजकुरात तोच शब्द निवाड्यासाठी येतो, तेव्हा दहाव्या शतकातल्या पानावर 'सरकार' दिसलं तर ते खोडा. दुबईत न्यायालयांच्या पाटीवर 'महाकिम दुबई' असतं, महकमाचं अनेकवचन. तिथल्या वर्तमानपत्रांत 'हाकिम' म्हणजे अमिरातीचा सत्ताधीश. फुटबॉलच्या समालोचनात 'हकम' हा शब्द सारखा ऐकू येईल. तो शिट्टी वाजवणारा पंच. सिफ़्फ़ीनच्या लवादांचा हुद्दा आज त्याच्याकडे आहे आणि शिव्याही त्यालाच बसतात.

सातवं काम: 'मूळ अर्था'चा मोह आवरा

हा टप्पा सगळ्यात रंजक आणि सगळ्यात निसरडा. इब्न फ़ारिस नावाचा कोशकार होऊन गेला, मृत्यू 1004 च्या सुमारास. प्रत्येक धातूमागे एक किंवा मोजके मूळ अर्थ असतात, असं त्याचं म्हणणं, आणि ते दाखवायलाच त्याने कोश लिहिला. ह-क-म बद्दल तो म्हणतो: मूळ एकच, आणि ते म्हणजे 'रोखणं'. हुक्म अन्यायाला रोखतो. हिकमा अडाणीपणाला रोखते. आणि जनावराच्या जबड्याभोवती येणारा लगामाचा भाग, 'हकमा', जनावराला रोखतो.

याला पुरावाही आहे. उमय्या खलिफांच्या काळातला (सातवं-आठवं शतक) कवी जरीर बनी हनीफ़ा टोळीला बजावतो: तुमच्यातल्या मूर्खांना आवरा, नाहीतर मला राग येईल अशी मला भीती वाटते. 'आवरा'साठी त्याने चौथं रूप वापरलं आहे, 'अहकिमू'. म्हणजे रोखण्याचा अर्थ खरोखर वापरात होता, कोशकाराने तो कल्पनेतून काढलेला नाही.

मग लगामापासून शहाणपण निघालं असं म्हणायचं का? समाजमाध्यमांवर असे लेख ढिगाने सापडतात आणि वाचायला गोड लागतात. पण शेजारच्या भाषा पाहा. हिब्रूत याच तीन अक्षरांचा 'हाख़ाम' म्हणजे शहाणा आणि 'होख़्मा' म्हणजे शहाणपण. आरामाईकमध्ये तोच अर्थ. त्याहून कितीतरी जुन्या अक्कादीत 'हकामू' म्हणजे समजणं, जाणणं. या भाषांत मुख्य अर्थ जाणण्याचा, लगामाचा मागमूस नाही. अरबीची ही भावंडं एकमुखाने 'शहाणपण' म्हणत असतील, तर शहाणपणाचा अर्थच जुना आणि रोखण्याचा अरबीत नंतर वाढलेला, ही शक्यता मला जास्त पटते. इब्न फ़ारिसची मांडणी सुंदर आहे. अर्थ लक्षात ठेवायला ती वापराच. पण 'मूळ अर्थ हा' असं छातीठोकपणे कुणाला सांगू नका.

वहीत म्हणून दोन रकाने ठेवा: एकात 'कोशकार काय म्हणतो', दुसऱ्यात 'पुरावा काय दिसतो'. दोन्ही एक झाले की पुढे चला, नाही झाले तर तसंच राहू द्या.

आठवं काम: मराठीतून उलट चाला

मराठीत आलेले अरबी शब्द थेट अरबांकडून फारसे आले नाहीत. ते फारसीतून आले, बहमनी आणि निज़ामशाही-आदिलशाही दफ्तरांतून. त्यामुळे उच्चार फारसी, आणि पुष्कळदा अर्थही फारसीत वळलेला. 'हुकूमनामा' मध्ये हुकूम अरबी, नामा फारसी. न्यायालयाच्या मराठीत तो शब्द अजून जिवंत आहे. 'हुकूमशहा' तसाच जोडशब्द. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरीही हुकूम भाषेत ठाण मांडून राहिला, तो पत्त्यांच्या डावापर्यंत. हुकूम बोलला की हुकमाचा साधा पत्ताही बाकी रंगांच्या एक्क्यावर चढतो, आणि म्हणूनच खात्रीचं औषध 'हुकमी' आणि खात्रीचा माणूस 'हुकमी एक्का'. पंजाबात तोच शब्द वेगळ्याच उंचीवर गेला. गुरू नानकांच्या जपुजीत 'हुकम' म्हणजे ज्या ईश्वरी व्यवस्थेत सगळं चालतं ती.

हिकमत मात्र मराठीत खाली उतरली. अरबीत कुराणाने लुकमानला दिलेली 'हिकमा' ही प्रगल्भ शहाणीव. मराठीत हिकमती माणूस म्हणजे युक्तीबाज, जमवून आणणारा. शिवी नाही, पण पुरता सत्कारही नाही.

शब्द अरबी आहे का हे तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून सगळ्यात हाताशी येणारा. तो शब्दापुढे मूळ भाषेची खूण देतो. दुसरा, माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियन यांचा, फारसी-मराठी कोश, 1925चा. त्यांच्या कवितेइतकीच मेहनत या कोशात आहे, आणि तो कमी वापरला जातो. दोन्ही पाहून झाले की मगच अरबी धातूकडे जा.

उलट चालताना खड्डे आहेत. मराठीतला एकच 'ज' अरबीतल्या पाच वेगळ्या अक्षरांची जागा घेतो: हाजीर, जाहीर आणि मजकूर यांतले तिन्ही 'ज' मुळात वेगवेगळे. आणि हाक, हाकणे, हाकारा यांचा या धातूशी काहीही संबंध नाही. लगामाची गोष्ट वाचल्यावर हाकिमाला हाकणाऱ्याशी जोडायचा मोह फार होतो. तो टाळा.

आता सरावाला पुढचा धातू स्वतः घ्या: बडी हे, जाड साद, लाम. मराठीतले शब्द तुम्हाला आधीच माहीत आहेत: हासील, महसूल, तहसील. साचे वर येऊन गेलेत, ते ओळखा. लेनमध्ये पान काढा, मग प्रत्येक शब्दाचा अरबी अर्थ आणि मराठी अर्थ शेजारी लिहा. 'वसूल' या यादीत घालण्याआधी त्याचं पहिलं अक्षर नीट पाहा. तो 'वाव'चा आहे, धातू निराळा, अर्थ 'पोचणं'. सरकारी कचेरीत महसूल आणि वसूल रोज एकाच वाक्यात येतात, कोशात मात्र त्यांची पानं बरीच लांब आहेत.